17 वर्षांत काही झालं नाही म्हणून…

लाईनदादा

नमस्कार मंडळी. इथे मी वाचतो रोज, लिहितो क्वचित. आज लिहितोय, कारण ही गोष्ट वर्षभर पोटात ठेवली आणि आता ठेववत नाही. घरीही परवाच सांगितली.

मी वीज वितरणात लाईनवर काम करतो, मराठवाड्यात. 17 वर्षं झाली. मागच्या वैशाखात संध्याकाळी वादळ आलं आणि आंब्याची मोठी फांदी 11 केव्हीच्या, म्हणजे 11,000 व्होल्टच्या तारांवर पडली. दोन खांबांच्या मधली तार तुटून शेतात लोळत होती. चार गावं अंधारात, फोन थांबेना. मी उपकेंद्रात फोन करून कामाचं परमिट घेतलं, ऑपरेटरने फीडर, म्हणजे तिथून येणारी लाईन, बंद केल्याचं सांगितलं, आमच्या बाजूचा एबी स्विच, म्हणजे लाईन तोडणारा खांबावरचा स्विच, मी स्वतः उघडला. कंबरेला पट्टा बांधला, पकड खिशात टाकली आणि खांबाकडे निघालो.

माझ्याबरोबर एक शिकाऊ पोरगा होता, आयटीआय करून आलेला, जेमतेम चार महिने झालेले. तो म्हणाला, "दादा, रॉड लावायचा राहिला."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाईन बंद केली तरी चढण्याआधी तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडायच्या असतात. त्यासाठी डिस्चार्ज रॉड असतो: लांब काठी, वर हूक, खाली जाड वायर आणि क्लॅम्प. क्लॅम्प आधी अर्थिंगला घट्ट बसवायचा, मग हूक तारांना लावायचे. काम चालू असताना कुठूनही वीज आली तर ती माणसातून न जाता जमिनीत जाते. पाच मिनिटांचं काम आहे.

मी म्हणालो, "अरे, परमिट आहे, स्विच माझ्या हाताने उघडलाय. दोन मिनिटांचं काम, वर पाऊस येतोय."

रॉड जीपमध्ये दोरांच्या वेटोळ्याखाली पडला होता. किती दिवस, ते मला आठवेना, यावरून काय ते समजा. पोरगा मला काही बोलला नाही. गेला, दोर उपसले, रॉड काढला, क्लॅम्प बसवला. मी खांबाला हात लावून उभा होतो, तो संपवेल मग चढू म्हणून. मनात वैतागच होता.

पहिला हूक तारेला लागला तेव्हा बारीक चर्र असा आवाज आला. मला वाटलं पाण्याचा असेल. दुसरा हूक लागला आणि निळी ठिणगी उडाली, फाटकन. त्याच क्षणी अर्ध्या किलोमीटरवरच्या मंगल कार्यालयातले दिवे गेले आणि लाऊडस्पीकरवरचं गाणं अर्ध्यात तुटलं.

तिथे लग्न होतं आणि जनरेटर चालू होता. चेंजओव्हर, म्हणजे लाईन किंवा जनरेटर यांपैकी एका वेळी एकच जोडणारा स्विच, न बसवता थेट मेन स्विचला जोडलेला. कार्यालयाची स्वतःची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आहे, आणि तुटलेल्या तारेच्या या तुकड्यावर तेवढी एकच डीपी होती. ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट कळत नाही. 11,000 चे 415 करतो तसे 415 चे 11,000 ही करतो. ज्या तारेला मी दोन मिनिटांत हात घालणार होतो ती जिवंत होती.

मी खाली चिखलात बसलो. पोरगा घाबरून माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं आपल्याच हातून काही बिघडलं.

आता मुद्द्यावर येतो. मी कामचुकार नाही. पावसात, रात्री, दिवाळीत कधी नाही म्हटलेलं नाही. नियम मला पाठ आहेत, नव्या मुलांना मीच शिकवतो. मग रॉड दोरांखाली गेला कसा? मी मागे जाऊन आठवत बसलो. पहिल्या वर्षी खांबावर चढताना पाय लटपटायचे, तेव्हा सगळं करायचो. मग एकदा घाईत रॉड लावला नाही, काही झालं नाही. दुसऱ्यांदा लावला नाही, काही झालं नाही. असं होता होता "काही झालं नाही" हाच माझा पुरावा झाला. भीती गेली त्याला मी अनुभव म्हणत आलो.

तुम्हा लोकांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपली ही गाफिली आपल्याला आतून दिसत नाही, मग ती ओळखायची कशी? आणि आपल्यापेक्षा मोठ्या, जाणत्या माणसाची गाफिली त्याचा मान न दुखावता मोडायची कशी? आमच्याकडे एक अण्णा आहेत, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, ते पट्टासुद्धा बांधत नाहीत. मला त्यांची काळजी वाटते.

रात्रपाळी

वाचताना अंगावर काटा आला. त्या पोराला माझा नमस्कार सांगा. सविस्तर नंतर लिहिते, आता ड्यूटीवर निघालेय.

दोनवाजताचीगाडी

लाईनदादा, मी रेल्वेत लोको पायलट होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नावर माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

इंजिनात आम्ही दोघे असतो. सिग्नल दिसला की सहायकाने हात करून मोठ्याने पुकारायचं आणि पायलटने ते परत उच्चारायचं. "स्टार्टर हिरवा." "स्टार्टर हिरवा." बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटतं. पण डोळ्याने पाहणं, बोट करणं, तोंडाने बोलणं आणि कानाने ऐकणं एकत्र आलं की मन दुसरीकडे पळू शकत नाही. जपानी रेल्वेत याला शिसा कान्को म्हणतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने 1994 मध्ये साध्या कामावर प्रयोग केला, तेव्हा बोट करून बोलल्यावर चुका जवळजवळ 85 टक्क्यांनी कमी झाल्या.

पण पुढचं ऐका. हीसुद्धा सवय होते. मी जवळपास वीस वर्षं एकाच सेक्शनमध्ये गाडी चालवली. कुठल्या वळणानंतर कुठला सिग्नल, हे झोपेत सांगेन. एका पहाटे माझ्या तोंडून "हिरवा" निघालं आणि सिग्नल अजून वळणाआड होता. मी पाहिलाच नव्हता! रोज हिरवा असतो म्हणून तोंड आपोआप बोललं. सहायकानेही "हिरवा" म्हटलं, कारण साहेब म्हणाले. वळण संपलं तेव्हा तो हिरवाच होता, म्हणून आज हे शांतपणे लिहितोय. आमच्या इंजिनात व्हीसीडी असतो, चालक जागा आहे की नाही ते दर मिनिटाला तपासणारा. काही हालचाल झाली नाही तर दिवा लागतो, बझर वाजतो आणि शेवटी ब्रेक लागतो. पण बटण दाबणारा हात पुरता जागा असतोच असं नाही, हे प्रत्येक चालक जाणतो.

त्या दिवसानंतर मी सहायकाला एकच सांगत आलो: मी बोललो म्हणून बोलू नकोस. आधी तू बोल, मग मी. आणि मधूनमधून मी मुद्दाम चुकीचं पुकारायचो, थांबलेल्या गाडीत, यार्डात. पोरगा टोकतो का ते पाहायला. पहिल्या आठवड्यात कोणी टोकत नसे. "सर, पिवळा आहे" असं एकाने म्हटलं तेव्हा त्याला मी माझ्या डब्यातलं थालीपीठ दिलं. पुढे ते सगळ्यांना कळलं आणि टोकणं वाढलं.

तुमची गाफिली तुम्हाला दिसणार नाही, दादा. शेजारच्याला दिसते. त्याने बोलावं एवढीच सोय करता येते.

सडेतोड

माफ करा, पण मला हा सूर पटत नाही. गाफिली, गाफिली म्हणून शेवटी खापर कामगाराच्याच डोक्यावर. एका माणसाकडे किती गावं आहेत? हातमोजे फाटले तर नवे कधी मिळतात? चार गावांचे फोन एकाच माणसाला का येतात? जनरेटर थेट जोडणाऱ्याला काय शिक्षा झाली? माणूस घाईत असतो कारण त्याला घाईत ठेवलेलं असतं. माझे काका कारखान्यात प्रेसवर होते. उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत लिहिलं "कामगाराचा निष्काळजीपणा". दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय त्या मशीनवर होती. उत्पादन वाढावं म्हणून एक बटण कायमचं दाबून बांधलेलं होतं. ते बांधलं कोणी, हे चौकशीत कोणी विचारलं नाही.

लाईनदादा

सडेतोड, तुमच्या काकांचं वाचून फार वाईट वाटलं. तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. माणसं कमी आहेत, साहित्य वेळेवर येत नाही, हे मी रोज भोगतो आणि बैठकीत उभा राहून बोलतोही.

पण त्या संध्याकाळी रॉड जीपमध्ये होता. नवा, चांगला. तो न वापरण्याचं कारण वरच्या कुणाकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. आणि ते बटण बांधलेलं, ते पहिल्या दिवशी सगळ्यांना दिसलं असेल, महिन्याभराने कोणालाच दिसलं नसेल. बांधणाऱ्यालाही नाही. मला त्या महिन्याभरात काय होतं ते समजून घ्यायचंय.

रात्रपाळी

आले. मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे, 22 वर्षं.

आमच्याकडे भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण बाहेर नेण्याआधी अशा तीन टप्प्यांवर यादी वाचायची असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये ही यादी आणली, 19 कलमांची. रुग्ण हाच का, बाजू डावी का उजवी, ॲलर्जी आहे का, प्रतिजैविक दिलं का, रक्त टिपायचे कापडी मॉप मोजले का. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्ली होती. 2009 मध्ये निकाल आला: मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आलं. निम्मं म्हणा ना. एका कागदाने!

मग कॅनडात ओंटारिओ प्रांतात ती सक्तीची झाली. 101 रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये आला. फरक जवळपास काहीच नाही. यादी तीच. हे का झालं यावर तज्ज्ञांची मतं वेगवेगळी आहेत, पण मी जे डोळ्यांनी पाहते ते सांगते. सकाळी आठच्या केससाठी पावणेआठलाच सगळ्या चौकटींवर टिक झालेली असते. रुग्ण अजून वॉर्डातून निघालेला नसतो. सगळे दमलेले, पुढे पाच केसेस, आणि आजवर काही झालेलं नाही. मीही अशा आगाऊ टिक केल्या आहेत. लिहिताना लाज वाटते, पण केल्या आहेत.

एकदा शेवटच्या मोजणीत एक मॉप कमी आला. सर्जन म्हणाले, "सिस्टर, मोजणी चुकली असेल, मी आत पाहिलंय." ते फार चांगले डॉक्टर, त्यांचा हात मी वर्षानुवर्षं पाहिलाय. मी दोनदा मोजले. बादली उलटी करून मोजले. तरी एक कमी. मी म्हणाले, "सर, टाके घालू नका. एक्स-रे काढू." खोलीत शांतता झाली. माझं तोंड कोरडं पडलं होतं. मॉपला धागा असतो, तो एक्स-रेत पांढरा दिसतो. दिसला. यकृताच्या मागे होता.

सरांनी काढला, टाके घातले, बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आज सिस्टरनी माझं काम केलं." त्या एका वाक्यानंतर आमच्या विभागात कोणी आगाऊ टिक केली नाही. यादी बदलली नव्हती. लाईनदादा, अण्णांबद्दल मला एवढंच कळतं की मोठा माणूस एकदा सगळ्यांसमोर "मी चुकलो होतो" म्हणाला की खालच्यांना परवानगी मिळते. पण ते त्याच्या तोंडून यावं लागतं, आपल्या नाही.

कृष्णाकाठ

माझा अनुभव कामाचा नाही, घराचा आहे. आम्ही सांगलीचे. 2005 च्या महापुरात आमच्या घरात गुडघाभर पाणी आलं होतं. पाणी ओसरल्यावर वडिलांनी भिंतीवर लाल रंगाने रेघ ओढली आणि तारीख घातली. ती रेघ आमची कुलदेवताच झाली. दर पावसाळ्यात आयर्विन पुलाशी कृष्णेच्या पातळीचे आकडे यायचे, 40 फूट इशारा, 45 धोका, आणि बाबा रेघेकडे बोट दाखवायचे: "यापेक्षा वर येत नाही. 2005 पेक्षा मोठा पूर काय यायचा!"

2019 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सामान रेघेच्या वीतभर वर, फळ्यांवर ठेवलं आणि निश्चिंत झोपले. पालिकेची गाडी भोंगा लावून दोनदा फिरून गेली. आई म्हणाली निघू. बाबा म्हणाले, मी 2005 पाहिलाय. पुलाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आम्हाला पहाटे शेजाऱ्यांच्या गच्चीवरून बोटीने काढलं. तेव्हा घरात पाणी छातीला लागत होतं आणि ती रेघ पाण्याखाली होती.

बाबा अडाणी नव्हते, बेफिकीरही नव्हते. त्यांनी सगळ्यात वाईट ते भोगलं होतं आणि त्यालाच शेवटची हद्द मानलं. आता घरात दोन रेघा आहेत. वरच्या रेघेशेजारी आईने खडूने लिहिलंय, "40 फुटांना निघायचं." 2021 ला पाणी चढू लागलं तेव्हा बाबाच सगळ्यांच्या आधी पिशवी घेऊन दारात उभे होते.

आकाशगंगा

कृष्णाकाठ, किती नेमकं लिहिलंत. मी विज्ञान शिकवतो, त्यातलं एक थोडक्यात. 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया यान परतताना तुटलं, आपली कल्पना चावला त्यात होती. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा निघून डाव्या पंखावर आदळला होता. फोम निघणं नवं नव्हतं, आधीच्या उड्डाणांतही निघायचा, आणि यानं सुखरूप परत यायची. म्हणून ते धोक्याच्या यादीतून हळूहळू दुरुस्तीच्या यादीत गेलं. 1986 च्या चॅलेंजरच्या रबरी कड्यांचंही तेच झालं होतं. त्यावर अभ्यास करणाऱ्या समाजशास्त्रज्ञ डायेन वॉन यांनी या सरकण्याला नाव दिलं. मराठीत मी मुलांना "चुकीचं नित्याचं होणं" असं सांगतो. लाईनदादांचा रॉड दोरांखाली जाणं म्हणजे हेच.

सडेतोड

रात्रपाळी ताई, त्या डॉक्टरांसारखी माणसं वर असली तर माझी तक्रारच उरणार नाही. माझ्या काकांच्या कारखान्यात ज्याने "बटण बांधलंय" म्हटलं असतं त्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवलं असतं. पण लाईनदादांचा "महिन्याभराने कोणालाच दिसलं नसेल" हा मुद्दा डोक्यातून जात नाहीये. काकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, बांधलेलं आहे हे मलाही आठवायचं नाही. मला वाटायचं मशीनच तसं आहे."

लाईनदादा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी रात्री बसून प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला, आणि मग जे केलं ते सांगतो.

अण्णांना आजवर मी दोन प्रकारे सांगून पाहिलं होतं. एकदा हात जोडून, एकदा नियम दाखवून. दोन्ही वेळा ते हसले आणि म्हणाले, "तू जन्मायच्या आधीपासून खांबावर आहे मी." खरंच आहेत. दोनवाजताचीगाडी काकांचं आणि ताईंचं वाचून कळलं की मी त्यांना कमी लेखतोय असं त्यांना वाटत होतं.

सोमवारी सकाळी सगळी माणसं जमली तेव्हा मी वैशाखातली गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. रॉड दोरांखाली होता इथपासून, सगळी. तो पोरगा समोरच होता, त्याचं नाव घेऊन सांगितलं की मी त्याच्यामुळे उभा आहे. आवाज कापत होता माझा. कोणी काही बोललं नाही. शेवटी अण्णा उठले आणि चहाच्या टपरीकडे गेले. मला वाटलं रागावले.

दुपारी ते स्वतः माझ्याजवळ आले. म्हणाले, फार वर्षांपूर्वी त्यांच्या बरोबरचा एक जण असाच गेला, लाईन बंद असताना. पावसातच. त्यानंतर अण्णा कितीतरी वर्षं रॉडशिवाय चढत नसत. "मग कधी सुटलं ते कळलंच नाही रे," म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. ज्या माणसाला मी गाफील समजत होतो त्याने मरण जवळून पाहिलं होतं आणि तरी ते विरलं होतं. म्हणजे माझंही विरणार. वैशाखातली ठिणगी मला जन्मभर पुरेल असं मी धरून चाललो होतो.

म्हणून अण्णांनाच विनंती केली की नव्या चार मुलांना रॉड आणि पट्टा तुम्ही शिकवा. मंगळवारपासून शिकवतायत. पोरांसमोर स्वतः पट्टा न बांधता कसं चालेल, तेव्हा बांधतात. काल त्यांनी एक नवी गोष्ट काढली. चढणाऱ्याने खाली उभ्या असलेल्याला विचारायचं, "चढू का?" आणि खालच्याने अर्थिंगच्या क्लॅम्पला हात लावूनच "चढा" म्हणायचं. नुसतं मान हलवून नाही, क्लॅम्पला हात लावून. खालचा कितीही नवखा असो, तो "चढा" म्हणेपर्यंत वरच्याचा पाय जमिनीवर.

काल संध्याकाळी खुद्द अण्णा खांबाशी उभे होते आणि खाली 19 वर्षांचा पोरगा. "चढू का?" पोरगा वाकला, क्लॅम्प हलवून पाहिला, आणि म्हणाला, "थांबा अण्णा, ढिला आहे." अण्णा थांबले. त्याने तो आवळेपर्यंत पदरचं एक अक्षर बोलले नाहीत.

रॉड आता जीपमध्ये पुढच्या सीटच्या बाजूला उभा असतो. बसताना अडचण होते, ती होऊ द्यायची ठरवलंय.

दोनवाजताचीगाडी

"थांबा अण्णा, ढिला आहे." वाचून डोळे भरले. त्या पोराला माझ्यातर्फे थालीपीठ.

मांडववाला

मी इथे कधी लिहीत नाही. आमचं तालुक्याच्या गावी छोटं मंगल कार्यालय आहे, स्वतःची डीपी, 62 केव्हीएचा जनरेटर. धागा वाचून रात्रीच मीटर खोलीत टॉर्च घेऊन गेलो. चेंजओव्हर आहे, पण त्याचा दांडा तुटलेला आहे आणि आमच्या इलेक्ट्रिशियनने दोन वायरी मागून थेट मेनला घेतल्या आहेत. मी रोज त्या खोलीत जातो. सहा वर्षांत माझी नजर त्यावर गेली नव्हती.

त्या दोन्ही वायरी आत्ता सोडवून ठेवल्यात. सकाळी नवा चेंजओव्हर आणायला निघतोय. रविवारी लग्न आहे. लाईनदादा, कोणता घेऊ?

लाईनदादा

दादा, रात्री उठून गेलात त्याबद्दल काय बोलू. चार पोलचा घ्या. तीन पोलच्यात न्यूट्रल जोडलेलंच राहतं, ते पण तुटायला हवं. 62 केव्हीएला पूर्ण लोडवर 86 अँपियरच्या आसपास येतात, तेव्हा 125 चा बघा, 100 वर ताणू नका. जनरेटरचं अर्थिंग वेगळं आहे का तेही पाहून घ्या. बसवायला परवानाधारक माणूस बोलवा. आणि बसवून झालं की मेन बंद करून, जनरेटर चालू करून, डीपीकडच्या टोकाला टेस्टर लावून बघा. तुमचा इलेक्ट्रिशियन "झालंय" म्हणेल, तरी तुम्ही समोर उभे राहून बघा.